सणाच्या आठवड्यातलं शेवटचं आजारपण

वसुबारस दोन-चार दिवसांवर आली की सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या दवाखान्यांतले वॉर्ड रिकामे व्हायला लागतात. ज्यांचा कॅन्सर आता उपचारांच्या पलीकडे गेलाय, ज्यांचं लिव्हर किंवा किडनी पार थकलीय, अशा पेशंटचे नातेवाईकही डिस्चार्ज मागतात. 'सणाला घरी न्यायचंय' एवढंच त्यांचं म्हणणं असतं. डॉक्टरही बहुतेक वेळा 'न्या, आता सेवा करा' असं सांगून मोकळं करतात. हा निर्णय चांगलाच आहे. आपल्या सोप्यात, आपल्या माणसांत दिवाळी बघावी असं कुणालाही वाटेल.

गडबड त्यापुढे होते. हातात एक फाईल, चार-पाच दिवसांच्या गोळ्या आणि 'काही वाटलं तर घेऊन या' एवढ्यावर माणूस घरी येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुखणं उसळतं. गावातलं मेडिकल बंद, नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. १०८ ला फोन लागतो, गाडी येते आणि जवळच्या कॅज्युअल्टीत पोचवते. तिथल्या ड्युटी डॉक्टरने हा पेशंट आधी कधी पाहिलेला नसतो, म्हणून तो आपल्याला शिकवलेलं तेच करतो: सलाईन, ऑक्सिजन, मग आयसीयू. ज्याला घरची दिवाळी दाखवायची होती तो पाडव्याला नळ्यांत असतो, आणि घरातली माणसं बाहेर बाकड्यावर डबा उघडून बसलेली असतात.

याला नशीब म्हणून सोडून द्यायचं मला पटत नाही. दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेलं असतं. त्या आठवड्यात आपल्या गावात कोण अंथरुणाला खिळलंय हे आशाताईंना माहीत असतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसाचा त्रास कमी करण्याची किमान सोय सणाच्या आठवड्यात चालू असलीच पाहिजे. आणि माणूस गेला म्हणून ती सोय तिथे तोडू नये, त्या घराच्या पहिल्या दिवाळीपर्यंत ती पोचली पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे. तिच्यासाठी मोठी इमारत लागत नाही.

आपल्या भागाला दवाखाने नवे नाहीत. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, उत्तर कर्नाटकातूनही लोक तिथे येतात, त्या गावाला आरोग्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. ऑपरेशन, केमो, शेक (म्हणजे रेडिएशन) यांसाठी आता मुंबईलाच जावं लागतं असं राहिलेलं नाही. पण हे सगळं करून झाल्यावर, 'आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही' असं सांगून झाल्यावर पेशंट जातो कुठे? जतच्या पूर्व भागातल्या वस्तीवर, पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या जावळीतल्या गावात, जिथे लाँचशिवाय बाजार गाठता येत नाही. तिथे त्याच्यासोबत काय जातं यावर त्याचे शेवटचे दिवस ठरतात.

आधी दुखण्याचं बोलू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर पुष्कळ. त्यांचं दुखणं पॅरासिटामॉलने किंवा डायक्लोफिनॅकने हटत नाही. त्याला मॉर्फिन लागतं, आणि ते तोंडाने घ्यायच्या साध्या गोळीत मिळतं. लोकांच्या मनात मॉर्फिन म्हणजे शेवटचं इंजेक्शन, दिलं की संपलं. तसं नाही. दहा मिलिग्रॅमची गोळी वीस-तीस मिनिटांत लागू पडते आणि साधारण चार तास टिकते. म्हणून ती 'दुखलं की' घ्यायची नसते, घड्याळ लावून घ्यायची असते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहाला एकेक आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही, हा सर्रास वापरला जाणारा क्रम. दुखणं पूर्ण उसळल्यावर गोळी दिली तर ते खाली आणायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. नरकचतुर्दशीला नेमकं हेच होतं. घर चारला उठतं, पाणी तापतंय, पोरं फटाक्यांना पळतायत, पाहुणे येतायत, आणि सहाची गोळी साडेआठला आठवते. मग दिवसभर त्या माणसाचं दुखणं औषधाच्या पुढे पळत राहतं.

गोळ्यांचा हिशोब डिस्चार्जच्या टेबलावरच व्हायला हवा. वरच्या क्रमाने दिवसाला सहा गोळ्या झाल्या. मधेच दुखणं वाढलं तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या एकूण डोसाच्या साधारण एक षष्ठांश असतो, म्हणजे इथे एक गोळी, आणि अशा दोन धरल्या तर रोजच्या आठ. धनत्रयोदशी ते भाऊबीज आणि पुढचे-मागचे मिळून आठ दिवस धरा. चौसष्ट गोळ्या लागतात. हातात वीस देऊन पाठवलं तर तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला, डबी रिकामी होणार हे गणित पाचवीतल्या पोरालाही येईल. (हा डोस उदाहरणापुरता. म्हाताऱ्या, बारीक अंगाच्या माणसाला अडीच किंवा पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, आणि किडनी बिघडलेली असेल तर डोस कमी करून अंतर वाढवतात. आकडा डॉक्टरच ठरवणार.)

मॉर्फिन सुरू करायचं तर दिवाळीच्या किमान आठवडाभर आधी करावं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, काहींना चार-पाच दिवस मळमळतं, आणि मग दोन्ही ओसरतं. धनत्रयोदशीला सुरू केलं तर घरचे ती गुंगी बघून घाबरतात, 'औषधानेच असं झालं' म्हणून बंद करतात आणि दुखणं परत येतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर रात्रीची बिसाकोडिलची गोळी चालू ठेवायची. ही दोन-चार रुपयांची गोळी लिहायची राहिली म्हणून शौचाचा खडा होऊन पेशंट तडफडतो आणि दोष मॉर्फिनला लागतो. हातापायांना झटके येऊ लागले, हलवूनही जाग येईना, किंवा श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. एरवी मनाने अचानक बंद करायचं नाही. आणि दिवाळीत घर पोराटोरांनी भरलेलं असतं, तेव्हा डबी देवघराच्या फळीवर न ठेवता कुलपात ठेवायची, दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहायची.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी साखळी घातली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूचं कायदेशीर पीक निघतं, आणि आपलीच माणसं ओरडत मरत राहिली. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि साठ्याची नोंदवही लागते. एका उपजिल्हा रुग्णालयाला हे जड आहे असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. कायद्याची अडचण दूर होऊन दहा वर्षं उलटली, आता अडतंय ते कुणीतरी अर्ज भरण्यावर.

गोळी गिळता येत नाही अशांना फेंटॅनिलची, म्हणजे मॉर्फिनसारख्याच औषधाची, कातडीवर चिकटवायची पट्टी लावतात. ती बहात्तर तासांनी बदलायची. तिच्याबद्दल दिवाळीत एक खास धोका असतो आणि तो कागदावर क्वचितच लिहून दिला जातो. अंगावर पट्टी असताना कढत पाण्याने अभ्यंगस्नान घातलं, किंवा त्या जागेवर शेक दिला, तर उष्णतेने औषध कातडीतून एकदम जास्त ओढलं जातं आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. तेलाने तीच पट्टी सुटूनही येते. म्हणून तेल-उटणं जरूर लावा, हातपाय हलके चोळा, आजारी माणसाला त्याने फार बरं वाटतं. फक्त पट्टीची जागा सोडा आणि कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसा.

फराळावरून होणारी ओढाताण ही दुसरी मोठी गोष्ट. 'तुम्हाला आवडते म्हणून केलीय, एक तरी चकली खा.' तोंड सोललेल्या माणसाला चकली म्हणजे काच. शेवटच्या आठवड्यांत भूक मरते ती शरीर मिटत चालल्यामुळे. खात नाही म्हणून माणूस जातोय असं नसतं, माणूस जातोय म्हणून खात नाही. जबरदस्तीने भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि घरातल्या बाईला आयुष्यभर वाटत राहतं की आपणच दोन घास जास्त भरवायला हवे होते. पातळ खीर चमचाभर, करंजीतलं सारण जिभेला लावण्यापुरतं, एवढ्यात सण होतो. नाकातून नळी असेल तर त्यात सणाचं काही घालू नका. रवा, खोबरं, बेसन यांनी नळी तुंबते आणि ऐन सुट्टीत ती बदलणारा मिळत नाही. प्रत्येक वेळी भरवल्यावर तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी सोडून नळी धुवायची, आणि उशाकडची बाजू उंच ठेवून पुढचा अर्धा-पाऊण तास तसंच बसवायचं.

आणखी एका त्रासाबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे वास. गालाला, छातीला फुटलेल्या जखमेला घाण येते. पाहुणे उंबऱ्यातूनच 'बरंय ना?' विचारून परततात आणि आतल्या माणसाला सगळं कळत असतं. उदबत्त्या लावून उपयोग नाही, धुराने खोकला मात्र वाढतो. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून उकळायचं, गार झाल्यावर त्याने जखम धुवायची, मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची, वर स्वच्छ सुती कापड. दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ उतरतो. म्हणजे पाहुणे भाऊबीजेला येणार असतील तर हे धनत्रयोदशीच्या आधी सुरू झालं पाहिजे. जखमेतून रक्त यायची भीती असेल तर गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवावा, दाबून धरायला सोपं जातं आणि पांढऱ्या कापडावरचं लाल बघून घर गडबडत नाही.

लघवीच्या नळीचंही तसंच. साधी लॅटेक्सची नळी दोन-चार आठवड्यांनी बदलायची असते. तिची तारीख सणात येत असेल तर आधीच बदलून घ्या. रात्री पेशंट अचानक बेचैन झाला, कपडे ओढायला लागला, तर 'आता शेवट आला' म्हणण्याआधी पिशवीत लघवी उतरतेय का ते बघा. बऱ्याचदा नळी तुंबलेली असते किंवा पिळा पडलेला असतो, आणि तो सोडवला की माणूस शांत झोपतो. धाप लागत असेल तर फटाक्यांच्या वेळात खिडकी लावून टेबलफॅनचा हलका वारा चेहऱ्यावर सोडा. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर सिलिंडरपेक्षा या वाऱ्याने जास्त आराम पडतो. शेजारच्यांना आधी एकदा जाऊन सांगितलं तर माळ दुसऱ्या टोकाला लावतात. आपल्या गावांत एवढी माणुसकी आहे, सांगायला मात्र जावं लागतं.

शेवटचे तास घरी आले तर काय दिसतं हे आधी कुणीतरी सांगितलेलं असावं. हातपाय गार पडतात, कातडीवर निळसर चट्टे येतात, श्वास थांबून थांबून चालतो, घशात घरघर होते. ती घरघर ऐकणाऱ्याला सोसत नाही, पण बेशुद्ध माणसाला तिचा त्रास बहुधा नसतो. कुशीवर वळवलं, मान जरा कलती केली की कमी होते. सक्शनची नळी घालून काही साधत नाही. दर दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसायचं आणि ओठांना व्हॅसलीन लावायचं. गंगाजल द्यायचं असेल तर ओठांवर थेंब लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. चमचाभर पाणी तोंडात ओतलं तर ते घशात अडकून माणूस गुदमरतो, आणि ते गुदमरणं हीच घरच्यांची शेवटची आठवण होऊन बसते.

मग कागद. आजाराने, अपेक्षेप्रमाणे, घरी आलेल्या मृत्यूला पोलीस किंवा पोस्टमॉर्टेम लागत नाही. शेवटच्या आजारात ज्याने तपासलं त्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ मध्ये असतो आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात. शहरातल्या स्मशानभूमीत तो आधी मागतात. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. अडचण अशी होते की गावातल्या डॉक्टरने पेशंट पाहिलेलाच नसतो, त्यामुळे पाडव्याच्या पहाटे तो सही करायला कचरतो, आणि त्याचं कचरणं चूक नाही. म्हणून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पेशंट दाखवा, आणि आजार शेवटच्या टप्प्यात आहे व घरीच देखभाल ठरली आहे असं मोठ्या दवाखान्याचं पत्र त्याच्याकडे द्या.

एक कसोटी मात्र औषधाने सुटत नाही. दिवाळीला मुंबईहून, पुण्याहून मुलगा येतो. जावळी-पाटणची निम्मी घरं अशीच चालतात. वर्षभर सून नाहीतर मुलगी सेवा करते, आणि चार दिवसांसाठी आलेला माणूस वडिलांची अवस्था बघून हादरतो. 'असं कसं घरी ठेवलंत? आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा.' त्याच्या ओरडण्यात लांब राहिल्याचं ओझं असतं. भावकीही कुजबुजते, खर्चाला भ्याले म्हणून घरी आणलं. या दडपणाखाली कितीतरी ठरलेल्या गोष्टी मोडतात. उपाय साधाच आहे. मुलगा मुंबई-पुण्याहून निघण्याआधी डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणं करून द्या, पेशंट बोलू शकतो तोवर स्वतःला काय हवंय ते त्याच्याच तोंडून सगळ्यांसमोर ऐका. हे कायद्याने लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं.

आता लोक म्हणतील, नर्सला, डॉक्टरला सण नाही का? आहे. म्हणून तर आळीपाळी आधी ठरवायची. तालुक्याला एक प्रशिक्षित नर्स फोनवर, जिल्ह्याला एक डॉक्टर तिच्या मागे, दोघांच्या जोड्या दिवसागणिक बदलत्या. रात्रीचे बहुतेक प्रश्न फोनवर सुटतात: जादा गोळी देऊ का, नळी तुंबलीय का, ही घरघर कसली. पाच दिवसांत प्रत्येक घरी जावं लागत नाही. वसुबारसेच्या आधी एक भेट आणि भाऊबीजेनंतर एक, मधे रोज एक फोन. केरळने हेच वेगळ्या पद्धतीने करून दाखवलं. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं काम पुढे गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांनी उचललं आणि २००८ मध्ये राज्याने धोरण केलं. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा करणारं घर. तशी एखादी वास्तू सांगली-साताऱ्यात झाली तर आनंदच आहे, पण पहिली मागणी ती नको. इमारतीच्या पायाभरणीत चार वर्षं जातात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा कागदावर आहेच. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशा आहेत. त्यांना मॉर्फिनची वही, जखमेचं साहित्य आणि फोन उचलणारा डॉक्टर द्या.

माणूस गेला की यंत्रणेची फाईल बंद होते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, भाकरी शेजारून येते. चौदाव्या दिवसापासून कुणी नसतं. आणि मग सण येतो.

आपली दिवाळी नात्यांत वाटलेली आहे, म्हणून तिचं दुःखही नेमकं बोट ठेवून येतं. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं असतं, भाऊबीजेला भावाला. ज्याचं माणूस गेलंय त्याला पाच दिवसांतली कुठली संध्याकाळ जड जाणार हे आधीच माहीत असतं. आपल्या चालीरीतींनी याची काही सोय करून ठेवलीय आणि ती जपण्यासारखी आहे. दुःखाच्या घरी त्या वर्षी कढई चढत नाही, भावकी आणि पाहुणे फराळ आणून देतात. भाऊ नसलेली बहीण चंद्राला ओवाळते. सणाच्या सुरुवातीलाच, धनत्रयोदशीला, यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावायची रीत आहे. मृत्यूला दिवाळीच्या बाहेर ठेवावं असं ही परंपराही सांगत नाही.

पण फराळ देणाऱ्याची घाई बघा. पिशवी दारात ठेवायची, 'विसरायचं आता' म्हणायचं आणि निघायचं. त्यापेक्षा अर्धा तास बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. 'तुमचे मालक असते तर आत्ता पोरांना ओरडले असते' असं म्हटल्याने बाई रडेल, आणि तिला नेमकं तेच हवं असतं, कारण घरात तिच्या पुढ्यात सगळ्यांनी त्यांचं नाव घेणंच बंद केलेलं असतं. सांत्वनाची वाक्यं लागत नाहीत. 'सुटले बिचारे' हे दुसऱ्याने म्हणायचं वाक्य नव्हेच.

पहिल्या पाडव्याला आणि मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला वगळण्याची चाल मात्र मोडलीच पाहिजे. सांगली जिल्ह्याला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. बांगड्या फोडू नयेत एवढ्यावर तो ठराव थांबत नाही, सणसमारंभातला वावर त्यात येतो. ज्या बाईने वर्षभर नवऱ्याचं हगणंमुतणं काढलं, रात्री बसून काढल्या, तिलाच त्याच्या मागे अपशकुनी ठरवून पहिल्या सणाला कोपऱ्यात बसवणं हा तिच्या दुःखावर आपण घातलेला दुसरा घाव आहे. तिला बोलावणं घेऊन जायचं काम गल्लीतल्या थोरल्या बायकांचं. यायचं की नाही हे तिने ठरवावं. 'या वर्षी नको वाटतंय' म्हणाली तर तेही ऐकावं.

पोरांना त्यांची दिवाळी द्या. सुतकात कंदील लावला नाही तरी अंगणात किल्ला करू द्या, मावळे मांडू द्या. लहान मूल रडता रडता खेळायला पळतं, याचा अर्थ त्याला दुःख नाही असा होत नाही. त्याला 'आजोबा गावाला गेलेत', 'झोपलेत' असं सांगू नका. सणाला सगळे गावाहून परततात, मग आजोबा का नाही, म्हणून ते वाट बघत राहतं, किंवा झोपायलाच घाबरतं. आजोबा वारले, आता परत येणार नाहीत, हे दोन वाक्यांत, हात धरून सांगितलेलं मुलाला पेलतं.

मरण ऐन दिवाळीत आलं असेल तर तिथी दरवर्षी तिथेच येणार. वर्षश्राद्ध झाल्यावर मोठी आठवण पितृपक्षातल्या म्हाळाकडे न्यावी आणि दिवाळीत एक दिवा, एक आवडीचा पदार्थ एवढंच ठेवावं, असा मार्ग बरीच घरं काढतात. मला तो शहाणपणाचा वाटतो.

बहुतेक माणसं अशा आधारावर हळूहळू सावरतात. काहींना जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांपुढेही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र राहिली, समाजाच्या रीतीपेक्षा फार लांबली आणि रोजचं जगणं ठप्प झालं तर मदत घ्यायची. गावात याची खूण वेगळी दिसते: म्हातारीने बीपी-शुगरच्या गोळ्या सोडलेल्या असतात, मुलगा संध्याकाळी पिऊन येतो, 'मला पण घेऊन जायला पाहिजे होतं' हे वाक्य वारंवार कानावर पडतं. शेवटचं वाक्य ऐकलं तर त्या माणसाला रात्री एकटं ठेवू नका, शेतातली औषधं कुलपात घाला आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानसची ही सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीत आहे. पॅलिएटिव्ह सेवेच्या नर्सने मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी आणि पहिल्या दिवाळीच्या आधी अशा तीन भेटी दिल्या तर हे वेळेत लक्षात येईल. पहिल्याच भेटीत उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घेता येतील, आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असून घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या २०,००० रुपयांचा अर्ज तहसीलला जाईल. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तेव्हाच भरून घ्यावा.

दिवाळी २ ऑक्टोबरच्या आधी कधीच येत नाही. गावोगावच्या त्या दिवशीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आशाताईंकडून अंथरुणाला खिळलेल्यांची आणि गेल्या वर्षभरात माणूस गमावलेल्या घरांची यादी मागा. तालुक्यात मॉर्फिन कुठे मिळतं, नसेल तर रुग्णालयाने मान्यतेचा अर्ज कधी केला, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा. दिवाळीच्या पाच रात्री कुठल्या नंबरवर कोण फोन उचलणार ते फळ्यावर लिहून घ्या, आणि तो नंबर यादीतल्या प्रत्येक घरात पोचवायचं काम कुणाचं तेही त्याच सभेत नावानिशी ठरवा.